लहान मुलांचा जुनाट स्वादुपिंडदाह : शस्त्रक्रियेची योग्य वेळ



ज्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर लहान मुलांवर उपचार केले. त्यांच्या नावाने बोलायचे तर विषयही मुलांचाच घ्यावा, असे मला वाटले. मी निवडलेल्या आजाराचे नाव आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकलेले नसेल. ज्यांनी ऐकले असेल त्यांनी ते दारूच्या व्यसनाशी जोडलेले असेल. स्वादुपिंडाला पुन्हा पुन्हा सूज येऊन तो अवयव हळूहळू कठीण, खडेभरला आणि निकामी होत जातो, तो हा आजार. सहा-सात वर्षांच्या मुलालाही तो होतो, आणि त्या मुलाचा किंवा त्याच्या आईबापांचा त्यात काडीचाही दोष नसतो.

आपण राहतो त्या ब्रिटनमध्ये दुर्मीळ बालरोगांची नोंद ठेवण्याची एक चांगली पद्धत १९८६ पासून आहे. ब्रिटिश पीडिॲट्रिक सर्व्हेलन्स युनिट दर महिन्याला देशभरच्या बालरोगतज्ज्ञांना विचारते : या महिन्यात अमुक आजाराचे मूल पाहिलेत का? पूर्वी त्यासाठी नारिंगी कार्ड पाठवले जाई. २०१३-१४ मध्ये या पद्धतीने मुलांमधल्या तीव्र स्वादुपिंडदाहाची मोजदाद झाली. सुमारे वर्षभरात ९४ मुले सापडली; प्रमाण निघाले वर्षाला एक लाख मुलांमागे ०.७८. पाकिस्तानी वंशाच्या मुलांत ते गोऱ्या मुलांपेक्षा बरेच अधिक होते. अशा मुलांपैकी काहींना झटके पुन्हा पुन्हा येतात आणि त्यांतून जुनाट आजार उभा राहतो. म्हणजे एखाद्या बालरोगतज्ज्ञाला संपूर्ण कारकिर्दीत अशी मोजकीच मुले भेटणार. माझ्या आजच्या सगळ्या म्हणण्याचे मूळ इथेच आहे. आजार विरळ म्हणून तो उशिरा ओळखला जातो, आणि ओळखल्यावरही निर्णय लांबत जातो. या मुलांसाठी उत्तम शस्त्रक्रिया आज उपलब्ध आहेत. पण त्यांना वेळेचे बंधन आहे, आणि ती वेळ आपण वाट पाहण्यात घालवतो.

ग्रंथी आणि तिचा रस

स्वादुपिंड पोटात जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला टेकून आडवे असते. उजवीकडचे जाड डोके लहान आतड्याच्या पहिल्या वळणात बसलेले असते आणि डावीकडची शेपटी प्लीहेपर्यंत जाते. मधून एक नळी जाते. पादुआ येथे १६४२ मध्ये विर्सुंगने तिचे वर्णन केले. ही ग्रंथी दोन कामे करते. मोठ्या माणसात दिवसाला लिटरभराहून अधिक पाचकरस ती या नळीतून आतड्यात सोडते. शिवाय तिच्यात विखुरलेली पेशींची सूक्ष्म बेटे इन्सुलिन थेट रक्तात सोडतात. ही बेटे १८६९ मध्ये पाउल लँगरहॅन्सने पाहिली. त्यांचे वजन संपूर्ण ग्रंथीच्या शंभरातला एखाद-दुसरा भाग एवढेच असते. आजच्या विषयासाठी ही दुहेरी रचना नीट लक्षात ठेवा. रसाची बाजू बिघडते, दुखते आणि मुलाला छळते. इन्सुलिनची बाजू बरीच वर्षे तग धरून असते. शस्त्रक्रियेचा सगळा पेच या दोन बाजूंमधला आहे.

ग्रंथीला रस सोडायची आज्ञा कशी मिळते, हे कोडे इथेच लंडनमध्ये सुटले. १९०२ मध्ये युनिव्हर्सिटी कॉलेजात विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी कुत्र्याच्या आतड्याच्या एका वेढ्याच्या सगळ्या नसा तोडल्या आणि त्यात आम्ल सोडले. नसा तुटल्या असूनही स्वादुपिंडातून रस वाहू लागला. आज्ञा रक्तातून जात होती. त्या द्रव्याला त्यांनी सिक्रीटिन म्हटले आणि अशा द्रव्यांसाठी ‘हॉर्मोन’ हा शब्द स्टार्लिंगने १९०५ मध्ये रूढ केला. या शोधातून आपल्याला एक व्यवहारातली गोष्ट कळते. मूल जेवले की आतड्यात आम्ल आणि अन्न उतरते, ग्रंथीला रस सोडण्याचा हुकूम मिळतो, आणि नळी खड्याने तुंबलेली असेल तर त्या रसाचा दाब आत वाढतो. म्हणून ही मुले जेवल्यावर कळवळतात. मग ती जेवायलाच घाबरू लागतात, आणि घरचे म्हणतात, याला खाण्याचे नखरे आहेत.

स्वतःलाच पचवणारा अवयव

मांस पचवणारा रस ज्या अवयवात तयार होतो, तो अवयव स्वतः का पचत नाही? कारण ट्रिप्सिन हे विकर तिथे निष्क्रिय रूपात बनते आणि आतड्यात पोचल्यावर जागे होते. ते ग्रंथीतच जागे झाले तर ग्रंथी स्वतःला पचवू लागते, अशी मांडणी प्राग येथे हान्स कियारीने १८९६ मध्ये केली. बरोबर शंभर वर्षांनी, १९९६ मध्ये, तिला जनुकाचा पुरावा मिळाला. एकाच घराण्यात पिढ्यानपिढ्या चालणाऱ्या स्वादुपिंडदाहाचे वर्णन अमेरिकेत १९५२ मध्ये कम्फर्ट आणि स्टाइनबर्ग यांनी केले होते. अशा कुटुंबांत ट्रिप्सिनच्या पीआरएसएस१ या जनुकात दोष असल्याचे व्हिटकॉम्ब यांच्या गटाने दाखवून दिले. चुकून जागे झालेले ट्रिप्सिन स्वतःच तुटून जावे अशी एक सोय निसर्गाने केलेली असते. या मुलांत तीच हरवलेली असते.

१९९८ मध्ये मँचेस्टरच्या जोन ब्रगांझा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, आणि त्याच वेळी अमेरिकेतल्या एका गटाने, सिस्टिक फायब्रोसिसच्या सीएफटीआर जनुकातले दोष जुनाट स्वादुपिंडदाहाच्या रुग्णांत नेहमीपेक्षा जास्त आढळतात हे दाखवले. २००० मध्ये स्पिंक१ जनुकाचा संबंध कळला. ट्रिप्सिनला आवर घालणारे प्रथिन हे जनुक बनवते. १९९७ पासून लिव्हरपूल विद्यापीठातून आनुवंशिक स्वादुपिंडदाहाची युरोपभरची नोंदवही चालते. २००४ मध्ये तिच्या आधारे १४ देशांतल्या ११२ कुटुंबांची माहिती प्रसिद्ध झाली. त्या कुटुंबांत त्रासाची सुरुवात बहुतेकदा बालपणी किंवा किशोरवयात झालेली होती.

आपल्या भारतीय घरांशी या गोष्टीचा जवळचा संबंध आहे. केरळमध्ये डॉ. पी. जे. गीवर्गीस यांनी कोवळ्या वयात पोटदुखी, मग स्वादुपिंडात मोठाले खडे आणि तरुणपणी मधुमेह असा आजार शेकडो रुग्णांत पाहून त्याचे सविस्तर वर्णन केले. बरीच वर्षे दोष कसाव्याच्या कंदाला दिला गेला; पुढच्या अभ्यासांत ते सिद्ध झाले नाही. २००२ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतल्या संशोधकांनी या रुग्णांत स्पिंक१ जनुकातला एन३४एस हा बदल मोठ्या प्रमाणात आढळतो हे दाखवले. तो बदल निरोगी माणसांतही शंभरात एखाद-दोघांत असतोच आणि त्यांतल्या बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही. तो एकटा पुरत नाही. आणखी कारणे जुळली की आजार उभा राहतो. म्हणून ब्रिटनमध्ये वाढणाऱ्या भारतीय कुटुंबातल्या मुलाला पोटशूळाचे झटके येत असतील, तर “आमच्यात कोणी दारू पीत नाही, मग हे कसे?” असे म्हणून थांबू नका.

काही मुलांत कारण रचनेत असते. गर्भात साधारण सातव्या आठवड्याला स्वादुपिंडाचे दोन अंकुर एकत्र येतात. त्यांच्या नळ्या जुळल्या नाहीत, तर बहुतेक रस एका अरुंद दारातूनच बाहेर पडतो. काही मुलांत पित्ताची आणि स्वादुपिंडाची नळी आतड्याच्या बाहेरच, लांबवर एकत्र येतात. त्याने पित्तनलिका फुगते आणि रस उलटा वाहतो. असे मूल सापडणे ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट. फुगलेली पित्तनलिका काढून यकृतातून येणारी नळी आतड्याला जोडली की बहुतेक मुलांचे झटके थांबतात. म्हणूनच प्रत्येक मुलाची एमआरसीपी, म्हणजे नळ्यांचे एमआरआय चित्र, काळजीपूर्वक पाहायचे असते. रक्तातले कॅल्शियम आणि चरबी, घामाची चाचणी, शौचातले इलास्टेज आणि जनुकांची तपासणी हेही त्याच्या जोडीला हवे.

वेदना आणि विलंब

अशा मुलाचा प्रवास साधारण असा होतो. पहिला झटका येतो. उलट्या, बेंबीच्या वर असह्य कळ, कधी ती पाठीत जाते. सोमवारी सकाळी शाळेच्या वेळेला दुखले तर शाळेचे निमित्त समजले जाते. डॉक्टर बद्धकोष्ठाचे औषध देतात. कधी पोटाचा मायग्रेन म्हटले जाते, कधी मनाचे दुखणे. लायपेज किंवा अमायलेज ही साधी रक्तचाचणी दुखत असतानाच करावी लागते. दोन दिवसांनी गेलात तर आकडे उतरलेले असतात. दुसरा, तिसरा झटका येतो आणि मगच कोणाच्या तरी मनात स्वादुपिंडाचे नाव येते.

हा उशीर केवळ त्रासाचा नाही. तो शरीरात मुरतो. वारंवार सूज आलेल्या ग्रंथीतल्या नसा जाडजूड होतात, त्यांच्याभोवती दाहपेशी साचतात. पाठीच्या कण्यातल्या आणि मेंदूतल्या वेदनेच्या वाटा अतिसंवेदनशील होतात. मग मूळ कारण दूर केले तरी दुखणे सुरूच राहू शकते. दरम्यान मॉर्फिनसारखी औषधे सुरू झालेली असतात, आणि काही काळाने ती स्वतःच बद्धकोष्ठ, मळमळ आणि अधिक वेदनेचे कारण होतात. शाळा बुडते, मैत्रिणी सुटतात, उंची आणि वजन थांबते. दहा वर्षांच्या मुलीची दोन वर्षे म्हणजे तिच्या आयुष्याचा पाचवा हिस्सा असतो, हे मोठ्या माणसांच्या हिशेबात येत नाही.

म्हणून माझी पहिली मागणी वैद्यकाच्या आधीची आहे : दुखते म्हणणाऱ्या मुलावर विश्वास ठेवा. जुनाट स्वादुपिंडदाहात वेदनेचे प्रमाण चित्रातल्या बिघाडाशी जुळत नाही. नळी थोडीच फुगलेली असूनही मूल अंथरुणाला खिळलेले असू शकते.

कोणते ऑपरेशन, कोणासाठी

उपचारांची पहिली पायरी अर्थातच चाकूची नसते. वेदनाशामक औषधे, पुरेसा आहार, पाचक विकरांच्या कॅप्सूल, जीवनसत्त्वे आणि वेदनेशी जगायला शिकवणारा मानसोपचार या गोष्टी आधी येतात. त्यानंतर दुर्बिणीची वाट आहे. तोंडावाटे दुर्बीण आतड्यात नेऊन नळीचे दार रुंद करता येते, नळीत बारीक स्टेंट ठेवता येतो, आणि मोठे खडे बाहेरून ध्वनिलहरींच्या आघाताने फोडता येतात. पुष्कळ मुलांना याने महिनोन्महिने आराम पडतो. पण स्टेंट तुंबतात, बदलावे लागतात, आणि प्रत्येक वेळी मुलाला भूल द्यावी लागते.

शस्त्रक्रिया निवडताना पाहायची असते ती नळी आणि तिचा आकार. शेताचा पाट गाळाने तुंबला की पाणी बांध फोडते. तसे तुंबलेल्या नळीत रसाचा दाब ग्रंथीला आतून फोडत असतो. मुलात जेमतेम दीड-दोन मिलिमीटरची असलेली नळी पाच-सहा मिलिमीटर किंवा त्याहून अधिक फुगली असेल, तर तिला बाहेर वाट करून देणे हा उपाय. १९५४ मध्ये डुव्हाल यांनी शेपटीकडचे टोक कापून आतड्याला जोडून पाहिले. पण नळीत जागोजागी अडथळे असले की एका टोकाला दार करून भागत नाही. १९५८ मध्ये शिकागोच्या चार्ल्स पुएस्तोव आणि गिलेस्बी यांनी नळी लांबीभर उघडायची रीत मांडली. त्यात प्लीहा आणि शेपटी काढली जाई. १९६० मध्ये पार्टिंग्टन आणि रोशेल यांनी दोन्ही जागच्या जागी ठेवून तेच काम केले. मुलांसाठी हा बदल फार मोलाचा, कारण प्लीहा गेली की काही जंतूंपासूनचे संरक्षण कमी होते. आज ‘पुएस्तोव’ म्हणून जे ऑपरेशन होते ते बहुधा पार्टिंग्टन-रोशेलचेच असते. पोट उघडून ग्रंथी समोर आणायची, नळी डोक्यापासून शेपटीपर्यंत चिरायची, खडे वेचून काढायचे, आणि लहान आतड्याचा एक वेढा वर आणून त्या लांब फटीला शिवून टाकायचा. वेढा वर आणण्याची रीत स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या सेझार रू यांची. रस थेट आतड्यात उतरू लागतो, दाब जातो आणि ग्रंथी शाबूत राहते.

काही मुलांत डोक्याचा भागच सुजून कठीण झालेला असतो; वेदनेचे बीज तिथेच असते. अशा वेळी केवळ नळी उघडून पुरत नाही. जर्मनीच्या हान्स बेगर यांनी १९७२ मध्ये डोक्याचा रोगट भाग काढून आतडे वाचवण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. चार्ल्स फ्रे यांनी १९८७ मध्ये डोक्याचा गाभा कोरून काढणे आणि नळी लांबवर उघडून आतड्याला जोडणे ही दोन्ही कामे एकत्र केली. या दोन्ही रीती प्रौढांसाठी निघाल्या. फ्रेची रीत निवडक मुलांतही वापरली गेली आहे. व्हिपलची मोठी शस्त्रक्रिया, ज्यात डोके, लहान आतड्याचा पहिला भाग आणि पित्तनलिकेचा भाग एकत्र निघतो, ती मुलांच्या जुनाट स्वादुपिंडदाहात क्वचितच करावी लागते.

ग्रंथी काढून बेटे वाचवणे

आता सर्वांत अवघड प्रश्न. नळी फुगलेलीच नसेल, बारीकच असेल, आणि आनुवंशिक दोषामुळे संपूर्ण ग्रंथी रोगट असेल तर? उघडायला नळी नाही, कापायला एखादा भाग नाही. पूर्ण ग्रंथी काढली तर वेदनेचे मूळ जाते, पण मुलाला आयुष्यभराचा, सांभाळायला अतिशय कठीण असा मधुमेह होतो. १८८९ मध्ये मिंकोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढून मधुमेह निर्माण केला होता. हा पेच तेव्हापासून माहीत होता.

त्यावर मात करण्याचा पहिला धाडसी प्रयत्न याच देशात, ब्रिस्टलमध्ये झाला. २० डिसेंबर १८९३ रोजी ब्रिस्टल रॉयल इन्फर्मरीत डॉ. वॉटसन-विल्यम्स आणि शल्यविशारद हार्संट यांनी मधुमेहाने मरणाच्या दारी असलेल्या एका पंधरा वर्षांच्या मुलाच्या त्वचेखाली मेंढीच्या स्वादुपिंडाचे तुकडे बसवले. तीन दिवसांनी तो मुलगा गेला. इन्सुलिनचा शोध लागायला अजून २८ वर्षे होती. पण स्वादुपिंडाचे कार्य दुसऱ्या ठिकाणी रुजवता येईल ही कल्पना त्या दिवशी प्रत्यक्षात आणली गेली.

ती सफल व्हायला ग्रंथीतून फक्त बेटे वेगळी करण्याचे तंत्र हवे होते. १९६७ मध्ये पॉल लेसी यांनी कोलॅजिनेज या विकराने उंदरांची बेटे मोकळी केली. १९७७ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात सदरलँड आणि नजेरियन यांनी जुनाट स्वादुपिंडदाहाच्या रुग्णाची ग्रंथी काढून त्याचीच बेटे त्याच्या यकृतात सोडली. १९८८ मध्ये कामिलो रिकॉर्डी यांनी बेटे वेगळी करण्याचे काम यंत्राच्या कक्षात आणले. ब्रिटनमध्ये लेस्टर येथे १९९४ पासून हा उपचार होऊ लागला, आणि २००८ मध्ये नाईस या राष्ट्रीय संस्थेने त्यावर मार्गदर्शन प्रसिद्ध केले.

हे काम असे चालते. ग्रंथी तिचा रक्तपुरवठा शेवटच्या क्षणापर्यंत राखून काढली जाते आणि बर्फात ठेवून प्रयोगशाळेत नेली जाते. तिथे विकराने ती विरघळवून बेटे वेगळी करतात. ती यकृताकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेतून सोडली की यकृतात स्थिरावतात आणि तिथून इन्सुलिन बनवू लागतात. बेटे रुग्णाची स्वतःचीच असल्याने शरीर ती परकी मानत नाही. प्रत्यारोपणानंतरची प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे लागत नाहीत. पहिले काही महिने बेटांना विश्रांती म्हणून इन्सुलिन दिले जाते. पाचक विकरे जन्मभर घ्यावी लागतात. बहुधा प्लीहाही काढावी लागते, म्हणून लसी आणि पेनिसिलिनची शिस्त येते.

मिनेसोटाच्या गटाने ७५ मुलांचा अनुभव २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. दहांतल्या नऊ मुलांना वेदनेपासून टिकाऊ आराम मिळाला, आणि सुमारे ४० टक्के मुलांना पुढे इन्सुलिनची गरज राहिली नाही. हे आकडे आशा देणारे आहेत, पण आईबापांना त्यांची दुसरी बाजूही सांगितलीच पाहिजे : निम्म्याहून अधिक मुले इन्सुलिनवर राहिली. वेदनामुक्त मधुमेही मूल आणि बेजार झालेले, इन्सुलिन न लागणारे मूल यांतली निवड करायची असते. ती डॉक्टरने एकट्याने करू नये, आणि मुलाला वगळूनही करू नये.

वेळ ठरवायची कशी

इथे मी माझ्या मुख्य मुद्द्यापाशी येतो. लवकर ऑपरेशन केले तर झटके आपोआप थांबले असते का, ही शंका राहते. उशीर केला तर वेदना मेंदूत मुरते, आणि प्रत्येक झटक्याबरोबर बेटेही मरतात; मग ग्रंथी काढायची वेळ आली तेव्हा वाचवायला थोडीच उरतात. त्यात आणखी एक गाठ. आधी पुएस्तोवचे ऑपरेशन झालेले असेल, तर नंतर ग्रंथी काढताना हाती येणारी बेटे कमी भरतात, हे मिनेसोटाच्या अनुभवात स्पष्ट दिसले. म्हणजे आजच्या निर्णयाची किंमत दहा वर्षांनी मोजावी लागते. फुगलेल्या नळीच्या मुलाला ती किंमत मोजूनही पुएस्तोव फायद्याचे ठरते. बारीक नळीच्या मुलावर ते केले तर नुकसानच होते.

प्रौढांबाबत उत्तर बरेच स्पष्ट झाले आहे. नेदरलँड्समध्ये २००७ मध्ये ३९ रुग्णांची तुलना झाली : दोन वर्षांनी दुर्बिणीच्या उपचाराने ३२ टक्के रुग्णांना वेदनेत आराम होता, शस्त्रक्रियेने ७५ टक्क्यांना. २०२० मध्ये तिथल्याच ८८ रुग्णांच्या अभ्यासात लवकर केलेल्या शस्त्रक्रियेने वेदना कमी राहिल्या. नाईसच्या २०१८ च्या मार्गदर्शनात नळी तुंबून दुखणाऱ्या प्रौढांसाठी शस्त्रक्रियेचा विचार पहिल्या टप्प्यातच करावा असे म्हटले आहे. हे निष्कर्ष मुलांवर जसेच्या तसे लादता येणार नाहीत. पण त्यांतून एक गोष्ट निश्चित घ्यावी : सगळे उपाय थकल्यावर शेवटी शल्यविशारदाकडे जायचे, हा क्रम चुकीचा आहे. शल्यविशारदाने मुलाला पहिल्याच वर्षी पाहावे. ऑपरेशन त्या वर्षी होईलच असे नाही. पण ते केव्हा करायचे हे ठरवणारा माणूस सुरुवातीपासून चर्चेत असला पाहिजे.

माझ्या मते तीन खुणा दिसल्या की आणखी थांबू नये. मॉर्फिनच्या जातीची औषधे रोजची झाली, शाळेचे सत्र हातातून गेले, किंवा दुर्बिणीच्या उपचाराचा आराम प्रत्येक वेळी कमी काळ टिकू लागला, तर निर्णयाची वेळ आली आहे.

कुठे करायचे

ऑपरेशन कुठे करायचे, याचे उत्तर ब्रिटनच्या आरोग्यसेवेने एका दुसऱ्या आजारात दिलेले आहे. नवजात बाळांच्या पित्तनलिका बंद असण्याच्या आजारावर पूर्वी देशभरच्या अनेक रुग्णालयांत ऑपरेशने होत. एकेका ठिकाणी वर्षाला एखाद-दुसरे बाळ. जिथे जास्त बाळे येत, तिथे निकाल चांगले लागतात असे दिसल्यावर १९९९ पासून इंग्लंड आणि वेल्समधली ही ऑपरेशने तीनच ठिकाणी एकवटली : लंडनचे किंग्ज कॉलेज हॉस्पिटल, बर्मिंगहॅमचे बालरुग्णालय आणि लीड्स. कुटुंबांना दूर जावे लागले, पण अधिक बाळे स्वतःच्या यकृतावर जगली.

स्वादुपिंडाच्या बाबतीतही हाच धडा लागू आहे. ज्या शल्यचिकित्सकाने मुलांच्या पित्तनलिकेवर आणि स्वादुपिंडावर वर्षानुवर्षे काम केले आहे, ज्याच्या शेजारी मुलांची दुर्बीण करणारा, वेदनेचा तज्ज्ञ, मधुमेहाचा तज्ज्ञ, आहारतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ बसतो, तिथेच हे मूल जावे. आईबापांनी संकोच न करता विचारावे : इथे अशी ऑपरेशने वर्षाला किती होतात? हा प्रश्न विचारण्याने डॉक्टरचा अपमान होत नाही. चांगला डॉक्टर त्याचे उत्तर सरळ देतो.

घर आणि शाळा

ऑपरेशन झाल्यावर मूल घरी येते, आणि खरी कसोटी तिथे असते. विकरांच्या कॅप्सूल प्रत्येक जेवणाबरोबर, दुधाबरोबर आणि मधल्या खाण्याबरोबरही घ्याव्या लागतात. जेवण संपल्यावर आठवण होऊन घेतल्या तर उपयोग कमी. इथे मिळणाऱ्या कॅप्सूल डुकराच्या स्वादुपिंडापासून बनतात. शाकाहारी किंवा धर्मनिष्ठ घरांना हे आधीच, मोकळेपणाने सांगितले पाहिजे. ते न सांगता दिल्या आणि नंतर घरच्यांना कळले, तर गोळ्या कचऱ्यात जातात आणि मूल सुकत जाते. मी अशा कुटुंबांना सांगत आलो आहे की आपल्या गुरुजींशी किंवा मौलवींशी बोला; मुलाच्या जिवासाठी औषध घेण्याला कोणताही दयाळू धर्म आडवा येत नाही.

तेलतूप पूर्ण बंद करणे ही आपल्या घरांत हमखास होणारी चूक. वाढत्या मुलाला चरबी हवीच. ती पचवण्यासाठीच कॅप्सूल असतात. अ, ड, ई, के या जीवनसत्त्वांकडे आणि हाडांकडे लक्ष ठेवावे. नाईसच्या मार्गदर्शनानुसार सोळा वर्षांखालच्या मुलाच्या पचनाची आणि पोषणाची तपासणी किमान दर सहा महिन्यांनी व्हावी. मधुमेहासाठी रक्तातली एचबीए१सी चाचणीही तेवढ्याच अंतराने करावी.

शाळेबद्दलही बोलले पाहिजे. इंग्लंडमध्ये २०१४ च्या चिल्ड्रन अँड फॅमिलीज ॲक्टनुसार आजारी विद्यार्थ्याला आधार देण्याची व्यवस्था करणे शाळेवर बंधनकारक आहे. मुलासाठी लेखी आरोग्य-योजना मागा : औषध कोण देईल, दुखायला लागल्यावर मूल कुठे बसेल, बुडालेला अभ्यास कसा भरून निघेल. परक्या देशात आपण मागणी करायला बुजतो. हा तुमच्या मुलाचा हक्क आहे, उपकार नाही.

आनुवंशिक आजाराच्या घरांसाठी दोन शब्द. जनुकाची चाचणी सकारात्मक आली की सासरकडून सुनेकडे बोट दाखवले जाते. मी हे पाहिले आहे आणि ते फार वाईट आहे. जनुके आईकडून येतात तशी बापाकडूनही येतात, आणि कोणीही ती निवडून देत नाही. दुसरे म्हणजे, पीआरएसएस१ चा दोष असलेल्यांना सत्तरीपर्यंत स्वादुपिंडाच्या कर्करोगाचा धोका सुमारे ४० टक्के असल्याचे मोठ्या अभ्यासांत दिसले आहे, आणि धूम्रपान करणाऱ्यांना तो साधारण वीस वर्षे आधी गाठतो. म्हणून या मुलांच्या हाती सिगारेट कधीच येऊ नये, आणि त्यांच्या घरातही ती पेटू नये. वयात आल्यावर वार्षिक तपासणीबाबत त्यांनी तज्ज्ञांशी बोलावे.

मित्रहो, मी सांगितलेल्या शस्त्रक्रिया गेल्या सत्तर वर्षांत एकेका पायरीने उभ्या राहिल्या. ज्ञान आज आपल्या हाताशी आहे; त्याचा लाभ मुलाला मिळतो की नाही, हे ते मूल तज्ज्ञापर्यंत कधी पोचते यावर ठरते. इथे बसलेल्या डॉक्टरांना माझी विनंती आहे की पोटदुखीच्या दुसऱ्या झटक्याला लायपेजची तपासणी करा आणि आजार निश्चित झाला की त्याच वर्षी मुलाला अनुभवी केंद्रात पाठवा. आईबापांना सांगतो : मुलाचे दुखणे, तारीख आणि त्या दिवसाचे खाणे एका वहीत लिहून ठेवा, ती वही डॉक्टरांसमोर ठेवा, आणि समाधान झाले नाही तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत मागा. ब्रिटनच्या आरोग्यसेवेत त्यासाठी पैसे पडत नाहीत, आणि मागितल्याने कोणाचाही राग ओढवत नाही. मुलाचे बालपण मात्र एकदा गेले की परत मागता येत नाही.